वॉरंटीतील गाडीचा दोष : अधिकृत सर्व्हिस सेंटर की ओळखीचा मिस्त्री?

इंदूरमध्ये रामबागेत किंवा लोकमान्य नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला गाडी बिघडली की प्रथम आठवतो तो वर्षानुवर्षांच्या ओळखीचा मिस्त्री. तो गाडी आपल्यादेखत उघडतो, नेमके काय बिघडले ते स्वतः सांगतो आणि बहुधा त्याच दिवशी ती परतही देतो. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र बोलणे होते ते अ‍ॅडव्हायझरशी, हात लावणारा कारागीर सहसा भेटत नाही, आणि महागड्या भागासाठी कंपनीची मंजुरी येईपर्यंत थांबावे लागते.

तरीही गिअर अडखळणे किंवा स्टिअरिंगमधून आवाज येणे असा मूळचा दोष असेल, तर वॉरंटीत गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी, असे माझे ठाम मत आहे. तेथे सुटा भाग आणि मजुरी दोन्ही विनामूल्य मिळतात. उलट गिअरबॉक्स बाहेर उघडला गेला, तर त्याच कारणावरून कंपनी पुढचा दावा नाकारू शकते. ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर यांसारखे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत. तेवढ्यापुरता मिस्त्री स्वस्त पडतो, मात्र पक्के बिल घ्यावे.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती जॉब कार्डाची, म्हणजे गाडी जमा करताना सर्व्हिस सेंटर भरते त्या तक्रार-नोंदीच्या कागदाची. त्यावर ‘जनरल चेकअप’ असे मोघम लिहू न देता दोष कधी, किती वेगात आणि कसा जाणवतो हे आपल्या शब्दांत, तारीख व किलोमीटरसह नोंदवून घ्यावे. दोष अधूनमधून येणारा असेल, तर मोबाइलवर चित्रित करावा, आणि ‘दोष आढळला नाही’ असे उत्तर मिळाल्यास तेही लेखी मागावे. हीच कागदपत्रे पुढे ग्राहक आयोगात उपयोगी पडतात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे गाडी पुण्यात घेतलेली असली तरी इंदूरकराला इंदुरातच तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षांची आहे, गाडीसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणे सोपे आहे.

वॉरंटीच्या मुदतीचा आकडा आपल्याच पुस्तिकेत पाहावा, कारण तो गाडीच्या तारखेनुसारही बदलतो : मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये 2 वर्षे अथवा 40,000 किलोमीटरची वॉरंटी 3 वर्षे अथवा 1,00,000 किलोमीटर केली. यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल, तेथे वॉरंटी संपते. म्हणून रोज देवास किंवा उज्जैनला ये-जा करणाऱ्याने तारखेपेक्षा मीटरवर लक्ष ठेवावे आणि मर्यादा जवळ आलेली असताना दोष जाणवला, तर सर्व्हिस सेंटरची वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी ईमेलने तक्रार पाठवावी.