एमएसएमई समाधान: साइटवर अडकलेलं बिल इथून सुटतं का?

पेव्हर ब्लॉक, तयार काँक्रीट (आरएमसी), खिडक्यांचं फॅब्रिकेशन असा माल बिल्डरला पुरवून बिलासाठी खेटे घालणाऱ्या लघुउद्योजकासाठी केंद्राची ही सोय आहे. 2017 मध्ये समाधान पोर्टल आलं, 2025 मध्ये ओडीआर (ऑनलाइन तंटा निवारण) पोर्टल. उद्यम नोंदणी (उद्योगाची सरकारी नोंदणी), वर्क ऑर्डर आणि बिलं जोडून अर्ज केला की प्रकरण थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जातं.

हत्यार धारदार आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे मुदत नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर 6.75 टक्के होता तेव्हा हे 20.25 टक्के पडायचं, म्हणजे 5 लाखांच्या बिलावर वर्षाला सुमारे 1 लाख 11 हजार. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. पुष्कळ बिल्डर इथेच तडजोडीला येतात.

आता खोच. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांनुसार वर्क्स काँट्रॅक्ट, म्हणजे माल आणि काम एकत्र असलेला ठेका, या कायद्यात बसत नाही. ‘विथ मटेरियल’ ठेका घेऊन प्लंबिंग किंवा वॉटरप्रूफिंग केलं असेल तर समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार, आणि वर्ष-दीड वर्ष त्यातच जाऊ शकतं. नुसता माल किंवा नुसती सेवा असेल तर बाजू भक्कम. म्हणून पुरवठ्याची ऑर्डर आणि बसवण्याची ऑर्डर सुरुवातीपासूनच वेगळी घ्यावी; भांडण लागल्यावर बिलं फोडून दाखवली तर कोणी भुलत नाही. स्टील-सिमेंटच्या व्यापाऱ्यांनाही इथे दार बंद आहे. 2021 पासून त्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती कर्जापुरती. मध्यम उद्योगही बाहेर. आणि नोंदणी माल पुरवण्याआधीची असावी; वाद झाल्यावर काढलेलं उद्यम प्रमाणपत्र मागच्या बिलांना कामाला येईल याचा भरवसा नाही.

अर्ज कच्चा पडतो तो बहुधा माल पोचवल्याच्या चलनामुळे. सुपरवायझरने कोपऱ्यात ‘मिळाले’ लिहून वळणदार सही ठोकलेली असते. तारीख नाही, शिक्का नाही, गाडी नंबर नाही. मग 45 दिवस मोजायचे कुठून? माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं कायदा धरतो, पण पोचल्याची तारीख तर सिद्ध व्हायला हवी. वाहतुकीचं ई-वे बिल आणि वजनाची काटापावती जपून ठेवली तर तिथे निभावतं.

आधी नोटीस देण्याची सक्ती नाही, तरी द्यावी: रजिस्टर एडीने आणि ईमेलनेही, प्रत्येक बिलाचा नंबर, चलनाची तारीख, देय तारीख आणि व्याज वेगळ्या ओळीत. मुदत न संपलेलं रिटेन्शन (हमीपोटी रोखून ठेवलेली रक्कम) त्यात मिसळू नये, नाहीतर अख्ख्या हिशोबावर शंका येते. नोटिशीत आयकराचं वजावटीचं कलम (1961 च्या कायद्यातलं 43बी(एच)) आवर्जून लिहावं. मुदत उलटूनही मार्चअखेर न दिलेल्या पैशाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, हे बिल्डरच्या सीएला चांगलं कळतं. मार्चच्या आत गेलेली नोटीस म्हणूनच जास्त चालते.

वेगाला मात्र कमी गुण. कायद्यात 90 दिवस आहेत, प्रत्यक्षात आधी समेट, तो फसला की लवाद, आणि तारखांवर तारखा. समेटाच्या फेरीत मुदतबाह्य दाव्यावरही बोलता येतं, पण लवादाला तीन वर्षांची मर्यादा लागू आहे. ‘पुढच्या स्लॅबला देतो’ ऐकत चौथं वर्ष उजाडू देऊ नये.