एरोसिटाचा पहिला डेटा-संच: तप्त बुडबुड्यांसाठी उत्तम, पण अर्ध्याच आकाशाचा

आंतरतारकीय अवकाशातील तप्त वायूच्या बुडबुड्यांचा अभ्यास करायचा असेल, तर जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेने ३१ जानेवारी २०२४ रोजी खुला केलेला एरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा-संच विनामूल्य साधनांमध्ये मला सर्वांत उपयुक्त वाटतो. मात्र तो उतरवून घेण्यापूर्वी त्यात काय नाही, हे ठाऊक असलेले बरे.

डिसेंबर २०१९ ते जून २०२० या काळातील पहिल्या सर्वेक्षणाचा हा डेटा आहे. सुमारे नऊ लाख क्ष-किरण स्रोतांची यादी ही त्याची गाजलेली बाजू असली, तरी बुडबुड्यांच्या अभ्यासकाला ते ठिपके वगळून मागे उरणारा मंद, पसरट उजेडच हवा असतो. तो टिपण्यात ही दुर्बीण सरस ठरते. नासाची चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण बारकाव्यात कितीतरी पुढे आहे, पण तिच्या एका चित्रात अंशाचा तिसरा हिस्साही मावत नाही; एरोसिटाचे दृष्टिक्षेत्र एक अंशाचे आहे आणि ते आकाशावरून सलग फिरवलेले आहे. शिवाय ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असल्यामुळे, पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनवर सौरवारा आदळून निर्माण होणारे मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण तिच्या आड येत नाहीत. सर्वेक्षण सौरचक्राच्या किमान काळात, म्हणजे सूर्य शांत असताना झाले, हेही पथ्यावर पडले. आपल्या सूर्याला वेढणाऱ्या ‘स्थानिक तप्त बुडबुड्या’चा उजेड नेमका याच मृदू पट्ट्यात येतो. या बुडबुड्याचे तापमान उत्तरेस व दक्षिणेस सारखे नाही आणि नरतुरंग तारकासमूहाच्या दिशेने तप्त वायूचा एक बोगदा गेलेला दिसतो, हे २०२४ मध्ये याच सर्वेक्षणावरून मांडण्यात आले.

नमुना म्हणून वेला हा अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याचा, अवशेष उघडून पाहावा. पौर्णिमेचे सोळा चंद्र ओळीने मांडावेत एवढी, म्हणजे सुमारे आठ अंश, त्याची रुंदी आहे. कमी ऊर्जेच्या पट्ट्यात त्याचे फाटक्या कडांचे कवच आणि कवचाबाहेर भिरकावले गेलेले तुकडे स्पष्ट दिसतात. पट्टा एक किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) वर सरकवत नेला की कवच विझत जाते आणि आग्नेय कोपऱ्यात ‘वेला ज्युनिअर’ या वेगळ्याच अवशेषाचे वर्तुळ उमटते. एकाच नकाशात हे दोन्ही पाहायला मिळणे, हीच या संचाची खरी किंमत.

आता उणिवा. आकाशाची वाटणी जर्मन आणि रशियन गटांत झालेली असून या संचात फक्त जर्मन गटाचा पश्चिमेकडील अर्धा भाग आहे. विभाजनरेषा आकाशगंगेच्या केंद्रावरूनच जाते. त्यामुळे २०२० मध्ये ज्या शोधाने एरोसिटाचे नाव झाले, ते केंद्राच्या वर आणि खाली सुमारे ४५,००० प्रकाशवर्षे पसरलेले बुडबुडे मधोमध चिरले जातात, आणि ‘नॉर्थ पोलर स्पर’ हा त्यांचा सर्वांत तेजस्वी पट्टा बहुतांशी पलीकडे राहतो. तिथे १९९० च्या दशकातील रोसॅट या जुन्या क्ष-किरण उपग्रहाच्या भरड नकाशांवर भागवावे लागते. दुसरे असे, की सातपैकी दोन कॅमेऱ्यांत, पाचव्या व सातव्यात, दृश्य प्रकाश झिरपतो. मृदू पट्ट्यात काम करणाऱ्याने ते सरळ वगळावेत, म्हणजे आधीच मोजक्या फोटॉनांत (प्रकाशकणांत) आणखी घट आली. विश्लेषणासाठी दिलेली ईसास ही आज्ञावली शिकायला वेळ लागतो, आणि लिनक्सची सवय नसलेल्याला ती सुरुवातीला जड जाईल.

नवख्याने आरंभ मोठा मॅगेलनी मेघ या आपल्या शेजारच्या लहान दीर्घिकेपासून करावा, असे माझे मत आहे. तो क्रांतिवृत्ताच्या दक्षिण ध्रुवाजवळ असल्याने दुर्बीण त्याच्यावरून वारंवार गेली आहे. तिथे फोटॉन भरपूर जमले आहेत आणि टॅरँटुला तेजोमेघाच्या परिसरातील महाबुडबुडे विशेष खटपट न करताही ओळखू येतात.