सुभाषनगरात माप देऊन करून घेतलेलं पायताण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात, बत्तीस वर्षं लेथवर काढली. त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की आधी कड बघायची, मग जाडी, ही खोड काही जात नाही. ही खोड गेल्या जूनमध्ये वापरली असती तर नऊशे रुपये वाचले असते.

झालं असं, देवळाच्या बाजूच्या एका चकचकीत दुकानातून कोल्हापुरी घेतली. "ओरिजनल लेदर" म्हणून घातली गळ्यात. जुलैत रंकाळ्यावर भिजलो, घरी येऊन बघतो तर तळ टाचेकडनं उकललेला आणि आतनं पुठ्ठा. वहीच्या पाठीला असतो तसला पुठ्ठा! वर कातडीचा पापुद्रा, खाली रबराची पट्टी, आणि सगळं सोल्युशनवर चिकटवलेलं. बायको म्हणाली, "अहो, ती घालायची न्हाई, रद्दीत घालायची."

दिवाळीनंतर एका मित्रानं सुभाषनगरातल्या कारागिराकडं नेलं. पाटी नाही, काच नाही. ओट्यावर मामा बसलेले, पुढ्यात ऐरण, रापी, आरी आणि पाण्यात भिजत घातलेले कातड्याचे तुकडे. दुकान म्हणावं तर दुकान नाही, घराचा सोपाच. नाव टाकू नका म्हणाले, म्हणून टाकत नाही.

मी खुर्चीवर बसून पाय पुढं केला. मामा म्हणाले, "पावणं, उभं ऱ्हावा. बसल्यावर पाय खोटं बोलतोय." कागदावर उभं करून दोन्ही पायांची पेन्सिलीनं रेघ मारली. माझा डावा उजव्यापेक्षा जवळजवळ अर्धा सेंटिमीटर मोठा, हे वयाच्या साठीत कळलं. नंबर विचारलाच नाही त्यांनी.

नमुना कापशी घेतला, कागल तालुक्यातल्या कापशी गावच्या नावाचा. "विंचू बसवू का?" असं विचारलं. खरा विंचू नव्हे, वाजणाऱ्या तुकड्याचं नाव ते; तळाच्या दोन थरांमध्ये तो घातला की चप्पल चालताना करकर वाजते. नको म्हटलं. लेथवर आयुष्यभर आवाजच ऐकलाय, पायात आणि कशाला.

मग मी माझं नेहमीचं सुरू केलं : हे कातडं खरं कशावरनं? मामांनी उत्तर दिलं नाही, एक तुकडा कापून हातात दिला आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब हळूहळू आत मुरला, तिथं गडद डाग पडला. शेजारी रेक्झिनचा तुकडा होता, त्यावरनं थेंब घरंगळत गेला. कापलेली कड बघितली तर दोरखंड तोडल्यावर दिसावेत तसे तंतू. पुठ्ठ्याला थर असतात, कातड्याला तंतू. एवढं जूनमध्ये माहीत असतं तर!

तळाला म्हशीचं कातडं, वेणीला शेळीचं. सगळं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. हिरडा चावल्यावर तोंड आवळतं ना, तेच आवळणं कातड्यात होतं. आधी कातडं मिठात, मग धुऊन चुन्याच्या हौदात, म्हणजे केस सुटतात. मांस खरवडायचं, चुना काढायचा, आणि मग सालीचं पाणी. मामांच्या वडिलांच्या वेळी कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचे, आत साल-हिरडा भरून पाणी ओतायचे. ते पाणी कातड्यातनंच झिरपून खाली पडायचं, गोळा करून परत वर ओतायचं. सगळं धरून महिना-दीड महिना. सालीऐवजी क्रोमच्या क्षारात कमावलेलं, म्हणजे क्रोमचं कातडं एक-दोन दिवसांत तयार होतं आणि रंगवण्याआधी निळसर दिसतं. बुटाला, बॅगेला ते चांगलंच, त्यात वाईट काही नाही. पण मऊ. "तळाला ताठपणा लागतोय, बुटाचं कातडं हितं लोळतंय," हा मामांचा हिशेब.

आता ते स्वतः कमावत नाहीत. तयार माल मद्रासकडनं येतो. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं बैलाचं कातडं राज्यात मिळणं अवघड झालं, तेव्हापासून भाव वाढतच गेलाय. प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीचं विचारलं. 2025 च्या जूनमध्ये मिलानला त्यांनी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इकडं बोंबाबोंब झाली, तेच. मामा वादी ओढत म्हणाले, "फोटो काढणारी वाढली. माप देणारी न्हाईत." 2019 साली कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. त्याचं विचारलं तर नुसते हसले.

आठ दिवस सांगितले, सतरा लागले. तीन खेपा. दुसऱ्या खेपेला माझं तोंड उतरलं तेव्हा मामींनी चहा दिला. वेण्या त्याच घालतात, चपलेचं निम्मं देखणेपण त्यांच्या बोटांतलं, पण गिऱ्हाईक विचारतं मामांना.

पैसे 2,800. रोखच, पावती नाही. हे मला पटलं नाही आणि तसं बोललोही.

घरी आल्या आल्या जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. तळ दोन्हीकडं सारखा, जेमतेम केसभर फरक. हातानं कापलेल्या वस्तूत! एक खिळा नाही, सगळी शिलाई कातड्याच्याच वादीची. दोन्ही कान, म्हणजे पट्टा धरणाऱ्या बाजूच्या पाळ्या, तळाच्या थरांमध्ये घालून शिवलेले, ओढून बघितले, हलले नाहीत.

पहिला आठवडा मात्र चावली. करंगळीला फोड आला. रात्री खोबरेल चोळून ठेवायचो. डाव्याचा अंगठा घट्ट होता, नेऊन दाखवला, मामांनी ओला करून फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणला आणि पैसे घेतले नाहीत. दहाव्या दिवसापासून पायात आहे का नाही कळेना.

आता पाच महिने झाले. रंग मधासारखा होता, तेल आणि ऊन खाऊन गुळाच्या ढेपेसारखा झालाय. टाचेला माझ्या टाचेची खोलगट बैठक पडलीय. दुसऱ्यानं घातली तर त्याला टोचंल.

वाईट म्हणायचं तर ओल्या फरशीवर घसरते. आमच्याच जिन्यावर एकदा पडता पडता वाचलो. मामा खाली रबर मारून देतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं, त्यामुळं तक्रार माझी मलाच. आणि पावसात घालायची नाही, भिजली तर सावलीतच वाळवायची. कोल्हापुरात म्हणजे वर्षाचे चार महिने ती कागदात.

घाई असणाऱ्यानं जाऊ नये. पाचपैकी चार, एक गुण सतरा दिवसांचा आणि पावतीचा कापला.

जूनच्या आत एकदा तेल लावून माळ्यावर टाकायचीय. तवर बायकोच्या पायाचं माप कागदावर घेऊन ठेवलंय. उभं करूनच घेतलंय.