शिकागोतला एक आठवडा: इंग्रजीच्या वर्गातल्या मिशन ट्रिपबद्दल

आमच्या इंडियानापोलिसच्या चर्चमधून आम्ही अकरा जण जुलैत आठवडाभर शिकागोला जाऊन आलो. काम एकच होतं, डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या आसपास राहणाऱ्या निर्वासितांना इंग्रजीच्या वर्गात मदत करायची. ट्रिप काढणारी संस्था माणशी ३७५ डॉलर घेते. त्यात राहणं, दोन वेळचं जेवण आणि बसचा पास आला. मंडळीतल्या दोघी-तिघींनी "जावं का गं?" असं विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

राहायला चर्चचं तळघर आणि हवेच्या गाद्या. पाठदुखी असेल तर स्वतःची गादी न्या. जेवण साधं पण पोटभर.

मेट्रोच्या रेड लाइनच्या लॉयोला स्टेशनवर उतरून १५५ नंबरची बस धरली की डेव्हनवर पोचता येतं. भारतीय किराणा विकणाऱ्या पटेल ब्रदर्सनी १९७४ मध्ये पहिलं दुकान टाकलं ते याच रस्त्यावर. साड्यांची दुकानं, मिठाई, हलाल मटण, आणि आता त्यांच्या शेजारी रोहिंग्या आणि अफगाण कुटुंबं.

वर्गात वीसेक जण आणि कायमच्या शिक्षिका एकच. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, फार शांत बाई. माझ्या टेबलावर चार रोहिंग्या बायका, एक अफगाण काका आणि व्हेनेझुएलाचा एक तरुण. पहिल्या दिवशी नाव, पत्ता, जन्मतारीख असा फॉर्म भरायचा होता. काकांनी १ जानेवारी लिहिली. शेजारच्या बाईंचीही १ जानेवारी, पलीकडचीचीही तीच. आमच्यातल्या एका मुलीला वाटलं, एकमेकांचं बघून लिहितायत. ती खोडरबर घेऊन पुढे आली, तेव्हा मी तिचा हात धरला. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर १ जून आहे. गावात शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी टाकली, ती जन्मभर राहिली. इथे कागद करणाऱ्यांनी १ जानेवारी टाकली, इतकाच फरक. हे सांगितल्यावर त्या मुलीचे डोळे भरून आले. मग तिने सगळ्यांना ती तारीख नीट म्हणायला शिकवली, कारण क्लिनिकमध्ये फोन केला की सगळ्यात आधी तीच विचारतात.

काका "इस्कूल" म्हणायचे. व्हेनेझुएलाचा मुलगा "एस्कूल". माझी नगरची आजी जन्मभर "इस्कूल" आणि "इष्टेशन" म्हणाली. आधी नुसता "स्स्स" लांबवायचा आणि मग त्याला "कूल" जोडायचं, असं मी करून घेतलं. तिसऱ्या दिवशी काकांच्या तोंडून स्वच्छ "स्कूल" आलं, तेव्हा सगळ्या टेबलाने टाळ्या वाजवल्या. इंग्रजीतला "शिप" आणि "शीप" यांच्यातला फरक त्या मुलाच्या कानाला कळतच नव्हता. आपल्याला ऱ्हस्व-दीर्घाची सवय असते, ती इथे कामी येते.

रोहिंग्या बायकांपैकी एकीने आयुष्यात पहिल्यांदाच पेन्सिल धरली होती, उलथनं धरतात तशी मुठीत. १९८२ च्या कायद्याने ब्रह्मदेशात या लोकांचं नागरिकत्वच गेलं. त्या बाई म्हणाल्या, शाळा लांबून पाहिली. मी त्यांची बोटं एकेक करून पेन्सिलीवर ठेवली. बोटं राकट, आणि पेन्सिल इतकी बारीक की सारखी निसटायची. तीन दिवसांत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. त्यातला एस उलटा होता. तो मी पुसू दिला नाही, शेजारी सुलटा काढून दाखवला.

संस्थेचा नियम होता, वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं. या बायकांना सिनेमांमुळे हिंदी समजतं, म्हणून मी दोन-चार वाक्यं हिंदीत बोलले आणि शिक्षिकाबाईंनी ते चालू दिलं. माझं स्पष्ट मत आहे, नियम बदलायला हवा. मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले. मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींना शिकवत १८६२ मध्ये तिथेच वारल्या. शिकवायला आधी त्यांनाच मराठीत उतरावं लागलं होतं.

आता तक्रारी. आदल्या दिवशीच्या दोन तासांच्या प्रशिक्षणात कसं शिकवायचं यावर एक शब्द नव्हता. पुस्तकाचा पहिला धडा आवडत्या सुट्टीवर. ज्यांनी निर्वासित छावणीत वर्षं काढली, त्यांना सुट्टीबद्दल काय विचारायचं? घरमालकाला हीटर बंद आहे हे कसं सांगायचं, तो धडा चौदावा! काही जण न विचारता फोटो काढत होते. एकाने धडा चालू असताना धर्मप्रचाराची पत्रकं वाटायला घेतली. शिक्षिकाबाईंनी ती लगेच परत घ्यायला लावली, आणि ते योग्यच केलं. मी प्रार्थना करणारी बाई आहे, प्रभूवर माझा विश्वास आहे. पण इंग्रजी हवं म्हणून कुणाला प्रार्थनेला बसावं लागू नये. इथे वर्ग संपल्यावर ज्याला हवं तो थांबतो, बाकीचे घरी जातात. हे जपलंय म्हणूनच मी या ट्रिपला चांगलं म्हणते.

एका दुपारी हॉलस्टेड स्ट्रीटवरचं हल हाउस पाहिलं. १८८९ मध्ये समाजसेविका जेन अ‍ॅडम्स तिथे स्थलांतरितांच्या वस्तीत राहायला गेल्या आणि १९३५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथेच राहिल्या. आम्ही सहा दिवसांचे पाहुणे. मी शिक्षिकाबाईंना विचारलं, आमचा खरंच काही उपयोग होतो का? त्या म्हणाल्या, मी एकटी असते तेव्हा एकेकाला तासात दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात, तुम्ही आलात की प्रत्येक जण तासभर बोलतो. ते मला पटलं. शिकवणं त्यांचं, आपण शेजारी बसून बोलायचं आणि ऐकायचं. एवढं मनाशी पक्कं असेल तर जरूर जा. वर्ग आपणच चालवणार असं वाटत असेल तर जाऊ नका.

शुक्रवारी खोटा फोन केला. मी क्लिनिकची बाई झाले आणि जन्मतारीख विचारली. उलट्या एसवाल्या बाई हातातला खोटा फोन घट्ट धरून म्हणाल्या, "जानुअरी वन, नाइन्टीन सेव्हन्टी." मग फोन खाली ठेवून हळूच हिंदीत, "असली तो बारिश में हुई थी."

पुढच्या जुलैसाठी मी नाव दिलंय. या वेळी जाड पेन्सिली आणि क्लिनिकच्या फॉर्मच्या पन्नास प्रती घरूनच नेणार आहे.