कंटेनरमधल्या मोंगोडीबी क्लस्टरला बाहेरून जोडणं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जळगावच्या ऑफिसात एकच सर्व्हर, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारी प्रणाली) मोंगोडीबी या डेटाबेसचे तीन नोड, म्हणजे एकाच डेटाच्या तीन चालू प्रती. सावदा आणि रावेरच्या डेपोंतून केळीच्या गाड्यांची वजनं थेट त्यात भरली जातात. काही महिने रोज वापरून ही मांडणी मला पसंत आहे, पण नोडची नावं पहिल्याच दिवशी नीट ठेवली तरच.

बहुतेकांचं गाडं अडतं ते इथेच. पोर्ट उघडला, सर्व्हरचा आयपी टाकला, तरी प्रोग्रॅम ३० सेकंद वाट बघतो आणि ‘सर्व्हर सिलेक्शन टाइमआउट’ दाखवून थांबतो. लोक फायरवॉल तपासत बसतात. खरं म्हणजे आपण दिलेला पत्ता क्लायंट (जोडू पाहणारा प्रोग्रॅम) फक्त पहिल्या ओळखीपुरता वापरतो. पुढे रेप्लिका सेटच्या (या तिन्ही नोडच्या गटाच्या) कॉन्फिगमध्ये जे पत्ते असतील तिकडेच जातो. तिथे ‘मोंगो१’ असेल, तर डॉकरबाहेर ते नाव कोण ओळखणार? खात्री करायला जोडणीच्या ओळीत ‘डायरेक्टकनेक्शन=ट्रू’ (directConnection=true) घाला. लगेच जोडलं गेलं तर दोष नावांचाच. हा कायमचा इलाज मात्र नाही, कारण लिहिणं फक्त प्रायमरी, म्हणजे मुख्य नोडवर होतं; तो नोड सेकंडरी, म्हणजे दुय्यम झाला की नोंदी लिहिता येत नाहीत.

इलाज असा: तिन्ही नोड वेगवेगळ्या पोर्टवर चालवा, २७०१७, २७०१८, २७०१९, आणि कंटेनरच्या आत-बाहेर पोर्ट तोच ठेवा. प्रत्येकाला एक पक्कं नाव द्या. आत ते डॉकरचं नेटवर्क एलियस (डॉकरच्या आतल्या नेटवर्कवरचं नाव) असेल, बाहेर प्रत्येक कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं नाव कोणत्या आयपीचं ते सांगणारी यादी) त्याच नावापुढे सर्व्हरचा आयपी. कॉन्फिगमध्ये आयपी लिहूच नका. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, सर्व्हरला नवा आयपी मिळाला की सगळंच तुटतं. राउटरमध्येही तो आयपी राखून ठेवा. नावाचा दुसरा फायदा डेपोत कळतो: व्हीपीएनवरच्या (इंटरनेटवरून ऑफिसशी जोडणारं खासगी नेटवर्क) कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये तेच नाव व्हीपीएनच्या आयपीकडे वळवता येतं. व्हीपीएनशिवाय पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलचे नियम ओलांडून जातो, म्हणून पोर्टच्या ओळीत कोणत्या आयपीवर ऐकायचं तेही लिहा.

जुना सेट असेल तर एकेक सेकंडरीचं नाव रीकॉन्फिगने (सेटचं कॉन्फिग बदलणारी आज्ञा) बदला, शेवटी प्रायमरीला स्टेप-डाउन करून, म्हणजे सेकंडरी बनवून, त्याचं.

कीफाइलला (नोड एकमेकांना ओळखतात ती गुप्त किल्लीची फाइल) ४०० परवानगी, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल अशी, आणि मालक ९९९ (कंटेनरमधल्या मोंगोडीबीचा युजर क्रमांक) हवा, नाहीतर नोड सुरूच होत नाही. मेमरीकडेही बघा. मर्यादा न घातल्यास प्रत्येक नोड स्वतःची कॅश (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) एकूण रॅममधून १ जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्मी धरतो. १६ जीबीच्या मशीनवर तिघांची मिळून साडेबावीस जीबी होते. हंगामात नोंदी वाढल्या की लिनक्स एखादा नोड मारून टाकतं. आम्ही प्रत्येकाला २ जीबी बांधून दिली आहे.

एकाच मशीनवरचे तीन नोड ट्रान्झॅक्शनसाठी (अनेक नोंदी एकत्र, सगळ्या किंवा एकही नाही अशा लिहायला) आणि एकेक करून व्हर्जन चढवायला उत्तम. वीज गेली तर मात्र तिन्ही एकदम जातात. त्यासाठी तीन वेगळ्या मशीनच हव्यात, आणि त्यातला एखादा नोड डेपोत ठेवलात तर त्याला प्रायॉरिटी ० द्या, म्हणजे तो प्रायमरी होणार नाही.