टर्मिनलवरून ॲप चालवताना: एम्युलेटर की हातातला फोन?

अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवण्याचा नेहमीचा प्रोग्राम) न उघडता केवळ टर्मिनलवरून ॲप बिल्ड करून चालवायचे असेल, तर ते एम्युलेटरवर (संगणकातच चालणाऱ्या आभासी फोनवर) चालवावे की केबलने जोडलेल्या फोनवर, हे सुरुवातीलाच ठरवलेले बरे, कारण पुढच्या साऱ्या स्क्रिप्ट त्याच गृहीतकावर उभ्या राहतात. मी दोन्ही मार्गांनी बराच काळ काम केले आहे.

फोनचे फायदे उघड आहेत. तो बूट होण्याची वाट पाहावी लागत नाही, संगणकाची मेमरी मोकळी राहते आणि लांबलचक यादी अडखळते की नाही, हे बोटाला जसे जाणवते तसे माउसला जाणवत नाही.

एम्युलेटरबद्दलची तक्रार मुख्यतः सुरुवातीची. एडीबी हे संगणकावरून फोनला किंवा एम्युलेटरला कमांड देण्याचे साधन; ‘एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस’ ही त्याची कमांड जोडणी होताच परत येते, तेव्हा सिस्टीम पुरती उठलेली नसते. लगेच इन्स्टॉल करू गेल्यास एरर येते. ‘सिस.बूट_कम्प्लीटेड’ या प्रॉपर्टीचे मूल्य १ होईपर्यंत थांबणारा छोटा लूप स्क्रिप्टमध्ये घातला, की हा प्रश्न मिटतो. स्नॅपशॉटमुळे, म्हणजे एम्युलेटरच्या जतन केलेल्या स्थितीमुळे, सुरुवात झटपट होते, पण आधीची स्थितीही जशीच्या तशी परत येते, म्हणून चाचण्यांसाठी मी स्नॅपशॉट लोड न करणेच पसंत करतो.

माझा निर्णय मात्र फोनच्या एका सवयीने झाला: त्याला अधूनमधून माणसाचा हात लागतो. टर्मिनल सांगते की ॲक्टिव्हिटी (ॲपचा स्क्रीन) सुरू झाली, लॉगकॅटमध्ये (फोनच्या नोंदींमध्ये) ओळी वाहू लागतात, आणि फोन पाहावा तर लॉक. ॲप लॉक स्क्रीनच्या मागे थांबलेले असते. ॲपच्या स्क्रीनची (यूआय) चाचणी अशा वेळी विंडोला फोकस न मिळाल्यामुळे फेल होते आणि शोधाशोध होते ती निर्दोष कोडची. त्यातच अँड्रॉइड ११ पासून, ७ दिवस न जोडलेल्या संगणकाला दिलेली डीबगिंगची परवानगी फोन आपोआप काढून घेतो. मग ‘एडीबी डिव्हायसेस’च्या यादीत फोनसमोर ‘अनऑथराइज्ड’ दिसते आणि फोन उचलून पुन्हा ‘अलाऊ’ दाबावे लागते. प्रत्येकाला हे इतके खटकेलच असे नाही, पण ज्या कामासाठी आपण कमांड लाइन निवडली, ते काम हात न लावता पार पडावे एवढी अपेक्षा रास्त वाटते.

एम्युलेटर ती पूर्ण करतो. विंडोशिवाय सुरू करणे, डेटा पुसून नवा कोरा करणे, शेवटी बंद करणे, हे सगळे कमांडनेच होते. संगणकावर चालणारा सर्व्हर ॲपला १०.०.२.२ या पत्त्यावर सापडतो; फोनला त्या सर्व्हरपर्यंत वाट करून देणारी ‘एडीबी रिव्हर्स’ ही कमांड मात्र केबल पुन्हा जोडल्यावर पुन्हा द्यावी लागते.

तुमचे ॲप कॅमेरा, ब्लूटूथ किंवा बॅटरीच्या वापरावर अवलंबून असेल, तर मात्र फोनला पर्याय नाही. तेव्हा डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘स्टे अवेक’ (चार्ज होताना स्क्रीन जागा ठेवणारा पर्याय) सुरू ठेवावे आणि परवानगीची मुदत बंद करावी. त्रास बराच कमी होतो. बाकीच्या रोजच्या कामासाठी स्क्रिप्टमध्ये एम्युलेटर धरावा आणि फोन रिलीजपूर्वीच्या तपासणीसाठी राखून ठेवावा, असे मी सुचवेन.