चेनची गाडी की जीप? मुंबईत राहून पहिली जुनी लष्करी गाडी उभी करायची तर

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात दोन फोटो पाठवले. एकात साताऱ्याकडच्या एका गोठ्याशेजारी उभी असलेली दुसऱ्या महायुद्धातली जीप, बॉनेट सुतळीने बांधलेलं. दुसऱ्यात नाशिककडच्या भंगाराच्या आवारात गवतात अर्धा बुडालेला ब्रेन कॅरियर. खाली एकच ओळ: "मामा, कुठली घेऊ?" तो डोंबिवलीला राहतो आणि आजवर पाना हातात घेतलाय तो फक्त बाइकसाठी. फोनवर त्याला जे सांगितलं त्यात बरंच राहून गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. मी स्वतः एक जीप पूर्ण केली आहे, आणि कर्जतजवळ मित्राच्या शेडमध्ये आम्ही तिघं सहा वर्षं एका कॅरियरवर राबलो आहोत. दोन्ही गाड्यांवर माझा जीव आहे.

आधी दोघांची ओळख. कॅरियरचं खरं नाव युनिव्हर्सल कॅरियर. त्यावर ब्रेन मशिनगन बसायची म्हणून सगळे ब्रेन कॅरियर म्हणतात. ब्रिटन आणि त्याच्या मित्रदेशांनी मिळून लाखाच्या वर बनवले. वरून उघडी, रणगाड्यासारखी लोखंडी चेनवर चालणारी चिलखती पेटी, साधारण ३.६५ मीटर लांब, २ मीटरपेक्षा थोडी जास्त रुंद, वजन पावणेचार टनांच्या आसपास, ताशी ४८ किलोमीटर वेग. जीप म्हणजे विलीज एमबी, किंवा त्याच आराखड्यावर फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू. लांबी ३.३३ मीटर, रुंदी १.५७, वजन जेमतेम ११०० किलो. दोन्ही कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांवर बनवल्या. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतच विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्यामुळे जीपचं आणि या शहराचं नातं आजचं नाही.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो इंजिनचा. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा असायला हवा. दोन्ही इंजिनं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली जुनी रचना, दोन्ही पेट्रोलवर चालणारी. जीपचं चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं. कॅरियरचं फोर्डचं व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडरचं, ८५ अश्वशक्तीचं. हेच व्ही-८ त्या काळी मोटारींत आणि ट्रकांतही होतं, त्यामुळे त्याचं सामान जगभर आजही नव्याने बनतं. बोअर करणं, हेड फेसिंग, रिंगा, व्हॉल्व्ह सीट कापणं ही कामं करणारे जुने टर्नर साकीनाक्याच्या गाळ्यांत अजून सापडतात. कॅरियरच्या इंजिनची खोड एकच, ते तापतं. त्याचा एग्झॉस्ट ब्लॉकमधूनच, पाण्याच्या जॅकेटला लागून बाहेर पडतो, आणि त्यात भर म्हणजे इंजिन बसलेलं असतं गाडीच्या ऐन मधोमध. मे महिन्यात कर्जतला पंधरा मिनिटं चालवलं की शेजारी बसणाऱ्याची मांडी भाजते. ब्लॉकमधला वर्षानुवर्षांचा गाळ उकरून काढला आणि दोन्ही वॉटर पंप नवे केले, तेव्हा कुठे तापमानाचा काटा जागेवर राहिला. इंजिनपुरतं बोलायचं तर दोघांत फार फरक करू नका.

खरा फरक आहे तो चेनचा, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्याचा. पोकलेनवाले चेन म्हणतात, मीही तेच म्हणतो. कॅरियरच्या एका बाजूला शंभराहून जास्त ओतीव लोखंडी कड्या असतात, एकमेकींत पिनेने ओवलेल्या. पिनेला ना रबर बुश, ना ग्रीसची जागा, लोखंडावर लोखंड. गाडी चाळीस वर्षं उघड्यावर उभी राहिली असेल तर या कड्या म्हणजे एकसंध गंज. आम्ही पहिली पिन काढली ती पूर्ण रविवारभर. आठवडाभर डिझेलमध्ये भिजवलेली कडी ऐरणीवर टेकवली, भोवती गॅसची आच दिली, पिनेएवढ्याच जाडीचा पंच लावला आणि घण मारला. पहिल्या वीस घावांत काहीच हललं नाही. मग आवाज बदलला. ठण्ण ऐवजी थप्प असा आला आणि पिन दोन मिलिमीटर बाहेर. हा आवाज कळायला लागला की निम्मं काम शिकलात. जास्त आच दिली किंवा घण तिरका बसला की कडीचा कान तुटतो, आणि तुटलेल्या कानाची कडी वेल्डिंग करून पुन्हा ओवू नये. भाराखाली ती पहिली जाते. आमच्या चौदा कड्या अशा गेल्या.

चेन सुटी झाली की खाली दर बाजूला तीन चाकं दिसतात, पुढे दोन जोडीने आणि मागे एक. पुढे आयडलर, म्हणजे चेन ताणून धरणारं मोकळं चाक, आणि मागे चेन ओढणारं दातेरी स्प्रॉकेट. आणि इथे ती गोष्ट आहे जिच्यामुळे मी या गाडीच्या प्रेमात पडलो. कॅरियरला रणगाड्यासारखे दोन लिव्हर नाहीत, मोटारीसारखं स्टिअरिंग आहे. थोडं वळवलं की पुढच्या चाकांची जोडी आडव्या नळीसकट बाजूला सरकते आणि चेन धनुष्यासारखी वाकते. गाडी हळूच वळते. आणखी वळवलं की त्या बाजूच्या चेनला ब्रेक लागतो आणि गाडी झटक्यात वळते. ही सरकणारी नळी गंजून धरली असेल तर गाडी चालते पण वळत नाही. म्हणून बघायला जाल तेव्हा आधी पहारीने ती नळी हलते का ते बघा, मग इंजिनकडे वळा. तळोजा-पनवेल पट्ट्यात पोकलेन दुरुस्त करणारे फिटर भरपूर आहेत. कॅरियर त्यांनी कधी पाहिला नसला तरी चेनचा ताण हाताने दाबून सांगणारे ते लोक आहेत. आमचा ताण त्यांच्यातल्याच एकाने जुळवून दिला.

जीपमध्ये यातलं काही नाही. तिथलं दुखणं पत्र्यात आहे. कॅरियरचं चिलखत ७ ते १० मिलिमीटर जाड. त्याला गंज चढतो, पण तो घासून काढता येतो, पार होत नाही. जीपचा पत्रा मात्र आतून खाल्ला जातो. फ्लोअरखाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या आहेत, त्यांत कारखान्यातच लाकूड भरलेलं होतं. ते लाकूड पाणी धरून ठेवतं. वरून फ्लोअर रंगवलेला, चकचकीत; खालून स्क्रू ड्रायव्हर टोचलात तर बिस्किटासारखा आत जातो. माझ्या जीपचा अख्खा मागचा फ्लोअर मी नवा केला, आणि पत्र्याचं काम शिकलो ते तिथेच. पातळ पत्र्यावर एकसलग वेल्डिंग मारलं की तो लाटांसारखा वाकतो. टाका मारायचा, थांबायचं, दुसऱ्या टोकाला टाका मारायचा. हे हातात बसायला मला एक पावसाळा लागला.

जीप घेताना दुसरी सावधगिरी अस्सलपणाची. आपल्याकडे तीन गाड्यांची एक केलेल्या जीप फार. युद्धातल्या जीपच्या जाळीला नऊ फटी असतात, विलीजच्या सीजे या नागरी मॉडेलला सात. पण नऊ फटींची जाळी वेल्डिंग करून सीजेवर बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, म्हणून खाली वाका. पुढच्या बंपरमागची चासीची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर विलीज, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड. आणि इंजिन बघा. पेट्रोल परवडत नाही म्हणून एके काळी सर्रास माटाडोरचं किंवा प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं जायचं. गाडी उत्तम पळते, पण पुढे कागदांत अडते.

कागदांबद्दल स्पष्टच बोलतो, कारण भाच्याचा निर्णय जवळपास इथेच झाला. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. जीप या चौकटीत बसते. रंग मात्र ऑलिव्ह ग्रीन देता येत नाही, तो नियमाने संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. मी वाळूचा रंग दिला, वाळवंटातल्या लढाईत वापरला जायचा तसा, आणि मला तो जास्त आवडतो.

कॅरियर या चौकटीत बसतच नाही. रस्त्यावरच्या वाहनाला हवेचे टायर हवेत, अशी त्याच नियमांत अट आहे. लोखंडी चेन डांबरावर फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे कॅरियर आयुष्यभर कुणाच्या तरी कुंपणाच्या आतच चालणार. मूळ चिलखती वाहन असल्यामुळे लष्करी लिलावाचे जुने कागद मालकाकडे आहेत का, हे टोकन देण्याआधी बघा आणि वकिलाला दाखवून त्याचं मत लेखी घ्या. कागद नसलेला कॅरियर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

आता जागेचं. मुंबईत राहणाऱ्याने सगळ्यात आधी हाच विचार करावा. जीपचं इंजिन उघडलेलं असलं तरी चार माणसं ढकलून ती दुसऱ्या कोपऱ्यात नेतात. ठाणे-भिवंडीकडे छोटा गाळा भाड्याने घेतला तरी भागतं. सुटं केलेलं सामान लोकलने नेता येतं. मी स्टार्टर मोटर गोणीत घालून डोंबिवली ते मस्जिद बंदर स्टेशन नेली आहे, नागदेवीच्या बाजारात बेअरिंग घेताना माप जुळवायला. ६.००-१६ मापाचे टायर आजही मिळतात, फक्त ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे तीन रेघांचे घेऊ नका. ओपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर महिंद्रच्या जुन्या जीपचं सामान निघतं आणि त्यातलं बरंच जुळतं.

कॅरियरची चेन काढली की तो तिथेच बसला. प्रत्येक वेळी हलवायला हायड्रा क्रेन आणि लो-बेड ट्रेलर लागतो, आणि पैसा खरा तिथे जातो. खाली काँक्रीट हवं. मातीत जॅक रुततो. आम्ही रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची घोडी, म्हणजे गाडीखाली लावायचे टेकू, केली होती. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही, हा आमच्या शेडचा पहिला नियम होता. स्प्रॉकेट फिरवताना चेनजवळ दुसऱ्याची बोटं नाहीत ना, हे मोठ्याने विचारायचं, हा दुसरा. जुने ब्रेक लायनर आणि रंग कोरडे घासायचे नाहीत, कारण त्यांत अॅस्बेस्टॉस आणि शिसं असतं. हा नियम जीपलाही तितकाच लागू.

पावसाने आम्हाला एकदा मोठा फटका दिला. एका जूनमध्ये ताडपत्री फाटली आणि तीन आठवडे शेडकडे कुणी फिरकलं नाही. कॅरियर म्हणजे वरून उघडी पेटी. खालच्या निचऱ्याच्या झडपा आम्ही गंजू नयेत म्हणून घट्ट बंद केल्या होत्या. गेलो तेव्हा आत गुडघाभर पाणी आणि नुकताच बांधलेला गिअरबॉक्स त्यात बुडालेला. तेल दुधासारखं झालेलं. पुन्हा सगळं उघडलं, सगळी बेअरिंगं बदलली. तेव्हापासून निचऱ्याच्या झडपा पावसाळ्यात उघड्या असतात.

एकट्याने सुरुवात करणार असाल, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच हाताशी असेल, तर जीप घ्या. दोन-तीन वर्षांत ती चालू लागते, आणि चालू लागलेली गाडी माणसाला पुढच्या कामाला बळ देते. जमीन स्वतःची किंवा घरच्यांची असेल, पक्क्या फरशीची शेड असेल आणि किमान तिघं जण पाच वर्षं टिकतील अशी खात्री असेल, तरच कॅरियर. तिघं म्हणतोय ते मुद्दाम. चेन ओढून जोडताना तिसरा माणूस नसेल तर पिन बसत नाही. ओढ चेनचीच असेल पण जागा नसेल, तर एक वर्ष दुसऱ्याच्या शेडमध्ये हात काळे करा. आम्ही येणाऱ्याला कधी नाही म्हटलं नाही, आणि असे बरेच जण म्हणत नाहीत. आणि एकदा अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या. १९९४ पासून तिथे व्हॅलेंटाइन, माटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन उभे आहेत. रणगाड्याच्या बाजूला उकिडवं बसून चेनच्या कड्यांकडे दहा मिनिटं बघा. हे आपल्याला झेपेल का, याचं उत्तर तिथे मिळतं.

भाचा रविवारी साताऱ्याला जातोय. त्याच्या पिशवीत टॉर्च, मॅग्नेट, जाड स्क्रू ड्रायव्हर, चासी नंबर घासायला वायर ब्रश आणि खाली आडवं व्हायला जुनं पोतं आहे. नाशिकचा फोटो त्याने अजून डिलीट केलेला नाही. कर्जतच्या शेडची दुसरी किल्ली मी त्याला देऊन ठेवली आहे.